कमळाच्या तळ्याकाठची गोशाळा

प्लेनो, टेक्सस
२४ ऑगस्ट २०२५

चि. वल्लरी,

आशीर्वाद गृहीत धर. काकाचा ई-मेल पाहून दचकू नकोस, कुणी गेलेलं नाही. व्हॉट्सअॅपवर लिहीत नाही, कारण माझा फोन तुझी सुमित्राकाकू सहज उचलते. गोष्ट जरा खाजगी आहे.

तुझ्या बाबाने तुला नागपूरला गुरांच्या डॉक्टरकीला घातलं, तेव्हा मी त्याला स्पष्ट सांगितलं होतं की पोरीचं डोकं वाया घालवू नकोस. आता तू स्टेट कॉलेजला बसून गुरांच्या जंतांवर पीएच.डी. करतेस. इथे कुणी विचारलं तर मी ‘बायोटेक’ म्हणतो. पण कधी नव्हे ते तुझ्या त्या विषयाचं काम पडलं आहे.

आमची गोशाळा तुला फोटोंतून माहीत आहे. प्लेनोपासून सव्वा तासावर जमीन घेतली, तिथे ह्यूस्टनच्या खालच्या किनाऱ्याकडून गाई आणल्या. सगळ्या वशिंडाच्या, म्हणजे आपल्याच रक्ताच्या. मध्ये तळं खणून कमळं लावली. संध्याकाळी गाई त्या पाण्यात उभ्या राहिल्या की गोकुळ दिसतं. मंडळातली माणसं डोळे पुसतात.

पण दीड वर्षापासून गाई खातात आणि रोडावतात. अर्ध्या गाभण राहत नाहीत. शेजारचा डेल, जो आमची गुरं बघतो, त्याच्या वासरांपुढे आमची वासरं मांजरं वाटतात. गेल्या वर्षी यमुना गेली. आता तगर. तिला तुझ्या काकूने बाटलीने दूध पाजून वाढवलं. आमचा आर्य कॉलेजला गेला त्याच वर्षी ती आली, म्हणजे समजून घे. तिच्या हनुवटीखाली पाण्याची पिशवी लोंबते आहे. काकू रोज हळदीचा लेप लावते. इथला व्हेट येऊन शेण तपासून गेला, म्हणाला जंत किरकोळ आहेत.

१७ ऑक्टोबरला वसुबारस आहे. चाळीस कुटुंबं येणार, आणि पूजेला तगर आणि तिचं वासरूच उभं करायचं ठरलं आहे. तगर गेली तर काकू खचेल, आणि गोशाळेची शोभाही जाईल. काहीतरी सुचव. काकूला यातलं कळवू नकोस, ती उगाच घाबरते.

तुझा,
त्र्यंबककाका

-

स्टेट कॉलेज, पेनसिल्व्हेनिया
२६ ऑगस्ट २०२५

ती. काका,

नमस्कार पोचला असं समजा. मी ‘बायोटेक’वाली वल्लरी.

तुमच्या पत्रात निदान तुम्हीच लिहून पाठवलं आहे, फक्त ते तुम्हाला वाचता येत नाही. किनाऱ्याकडच्या गाई, साचलेलं पाणी, खाऊनही न भरणारं अंग, न टिकणारा गाभ, हलकी वासरं आणि हनुवटीखाली पिशवी. माझ्या प्रोफेसरांनी परीक्षेत हा प्रश्न घातला असता, तर आम्ही म्हटलं असतं की फार सोपा काढला.

या किड्याला लिव्हर फ्ल्यूक म्हणतात. चपटा, पानासारखा, गाईच्या यकृतात राहतो. तो अंडी घालतो, ती शेणातून बाहेर पडतात. शेण पाण्यात पडलं की अंड्यातून निघालेलं पिल्लू गोगलगाईत शिरतं, तिथे वाढतं आणि काठच्या गवताला चिकटून बसतं. गाय ते गवत खाते. म्हणजे त्याला हव्यात तीन गोष्टी: फ्ल्यूक पोटात असलेली गाय, पाणी आणि गोगलगाय. गाई तुम्ही किनाऱ्यावरून आणल्यात, तिकडे हा घरोघरी आहे. पाणी तुम्ही खणलंत. आणि गोगलगायी नर्सरीतल्या कमळांच्या पानांखाली चिकटून आल्या असणार. तुम्ही त्याला मंगल कार्यालय थाटून दिलंत, जेवणासकट.

तो गाईला चटकन मारत नाही. तो तिचं खाल्लेलं अंगी लागू देत नाही. वजन चढत नाही, दूध कमी, त्यामुळे वासरू हलकं, आणि पुढचा गाभ राहत नाही. मालकाला वाटतं, चारा वाईट आहे.

व्हेटने केली ती चाचणी साध्या जंतांची. त्यात अंडी द्रावणावर तरंगवून बघतात. फ्ल्यूकची अंडी जड असतात, ती तळाशी बसतात. वर बघणाऱ्याला ती दिसत नाहीत. मला शेण पाठवा, मी तळ बघते.

तळ्याला आजच्या आज कुंपण घाला. आणि यमुना गेली तेव्हा तिला उघडून पाहिलं होतं का? मला आठवतं त्याप्रमाणे फॅमिली ग्रुपवर भजनाचा व्हिडिओ आला होता. तिचं यकृत नुसतं डोळ्यांनी पाहिलं असतं तरी तगरवर ही वेळ आली नसती. पण काकूला तबक सजवण्यातून सवड मिळती तर ना.

वल्लरी

-

प्लेनो
३ सप्टेंबर २०२५

चि. वल्लरी,

शिकलेल्या मुलीची भाषा वाचून धन्य झालो. यमुनेला आम्ही तळ्याकाठी समाधी दिली. वर तुळस आहे. तिचं पोट फाडायला आम्ही काय खाटीक आहोत?

तळ्याला कुंपण घालणं शक्य नाही. दीपोत्सव तिथेच होतो आणि कुंपण फोटोत फार वाईट दिसतं. कमळं अर्व्हिंगच्या एका चांगल्या नर्सरीतून आणली आहेत, तिथे गोगलगायी वगैरे नसतात.

शेण पाठवलं आहे. स्वच्छ डब्यात, कापूर घालून.

काका

-

स्टेट कॉलेज
९ सप्टेंबर २०२५

ती. काका,

डबा मिळाला. सोळा जणांच्या लॅबमध्ये तो उघडला. आत एक गोवरी होती. उन्हात वाळवलेली, गोल, पाच बोटांचे ठसे असलेली, कापराचा वास मारणारी.

माझ्या बाकावर इला बसते. तिचे आईवडील पुण्याचे, ती जन्मली ओहायोत. तिने विचारलं, “वल्लरी, इज धिस अ कुकी?” मी म्हटलं, माझ्या काकांचं सँपल आहे. “बट इट्स ड्राय,” ती म्हणाली. “हाऊ विल यू काउंट एनीथिंग?” जे तिला कळतं ते गोशाळेच्या संस्थापकांना कळू नये, याचं मला कौतुक वाटलं.

ताजं शेण, काका. गाय शेण टाकते तेव्हा लगेच उचललेलं. हातात प्लास्टिकची पिशवी घालायची, उचलायचं, पिशवी उलटी करायची, गाठ मारायची. बर्फाच्या पिशवीबरोबर बंद डब्यात घालून दुसऱ्या दिवशी पोचेल असं कुरिअर करायचं. मुठीएवढं पुरतं. होमहवन करायचं नाही आहे.

तगरचं खाणं कसं आहे? पिशवी वाढली का? मागच्या पत्रात तुम्ही माझी भाषा, नर्सरी आणि फोटो यांबद्दल लिहिलंत. तिच्याबद्दल एक ओळ लिहा.

वल्लरी

-

प्लेनो
१४ सप्टेंबर २०२५

वल्लरी,

ताजं पाठवलं. मी स्वतः उचललं, याची नोंद घे.

तगर उठते-बसते. पिशवी आहे तशी आहे. काकू रात्रंदिवस तिच्याजवळ असते.

काका

-

स्टेट कॉलेज
२२ सप्टेंबर २०२५

ती. काका,

तीनदा पाहिलं. शेण पाण्यात ढवळलं, बसू दिलं, वरचं पाणी ओतलं, पुन्हा ढवळलं. तळाशी फ्ल्यूकचं एकही अंडं नाही. साधे जंतही नाहीत. इतकं स्वच्छ शेण मी या देशात पाहिलेलं नाही.

म्हणजे माझा पहिला अंदाज चुकला. मग उरतं खाणं. तुमचे गणपतीचे फोटो मी नीट पाहिले. एका फोटोत तगरच्या पुढ्यात पुरणपोळ्यांची चळत आहे. दुसऱ्यात लाडू. तिसऱ्यात मंडळातल्या कुणी बाई तिला तूप चाटवत आहेत. गाईचं पोट गवतासाठी बनलेलं आहे. असं गोडधोड रोज घातलं तर पोटात आंबतं आणि पुढे यकृतही बिघडतं. काकूला सांगा, प्रेम करायचंच असेल तर गवत टाक. तिने त्या गाईची पूजा करून करून वाट लावली आहे. आरती करणाऱ्या बाईच्या हाती जनावर दिलं की असंच होतं.

पाहुण्यांचं खाणं बंद. साधं गवत, मीठ, स्वच्छ पाणी. दोन आठवड्यांत फरक दिसायला हवा.

वल्लरी

-

प्लेनो
२८ सप्टेंबर २०२५

चि. वल्लरी,

तुझं पत्र वाचून मला झोप चांगली लागली. फ्ल्यूक नाही. तळं निर्दोष. कमळं निर्दोष. आता तुझ्या त्या मंगल कार्यालयाचं काय झालं? तीस वर्षं मी कंपनीत पोरांना हेच सांगत आलो की डेटा येईपर्यंत तोंड उघडू नये. पण उंटावरून शेळ्या हाकायची हौस दांडगी.

पुरणपोळ्या बंद केल्या आहेत. तगर मात्र सुधारत नाही. परवापासून मागचे पाय थरथरतात.

शेणाबद्दल तू कौतुक केलंस ते मी मंडळात सांगितलं. नंदिनीला आम्ही ठेवतोच तशी. घराशेजारच्या गोठ्यात, फरशीवर, फिल्टरचं पाणी, विकतचं सुकं गवत. ती कुरणात कधी सोडलीच नाही. पंचगव्याला तिचंच शेण लागतं, म्हणून तेच तुला पाठवलं. तळ्याकाठच्या गाईंचं शेण चिखलात पडतं, ते कुठे उचलत बसू?

डेल म्हणतो, काही असो, सगळ्यांना एकदा फ्ल्यूकचं औषध पाजून टाकू. मी तूर्त नको म्हटलं. औषध दिलं की पुढचे काही आठवडे खोंडं हलवता येत नाहीत म्हणे. वसुबारस झाली की बघू.

काका

-

स्टेट कॉलेज
२९ सप्टेंबर २०२५

काका,

हे पत्र मी बसमध्ये लिहिते आहे. लॅबमध्ये लिहिलं असतं तर काहीतरी फुटलं असतं.

आजारी तगर आहे आणि तुम्ही शेण नंदिनीचं पाठवलंत. तापाने माणूस फणफणला आहे आणि तुम्ही शेजाऱ्याचं रक्त तपासायला दिलंत, कारण शेजारी सोवळ्यात होता. त्या तळ्यात कधीच न गेलेल्या एकमेव गाईचं शेण मी तीनदा ढवळलं. आणि त्यावरून मी पुरणपोळीवर व्याख्यान दिलं, तेही तुम्ही मंडळात ऐकवलं असेल.

माझा पहिला अंदाज कायम आहे. तळं दोषी, कमळं दोषी. डेलचं ऐका आणि औषध उद्याच्या उद्या द्या. तगरला इंजेक्शनचं द्या. ती गाभण असली तरी ते चालतं, इथला व्हेट सांगेल.

आता दुसरं. तुम्ही लिहिलंत, औषधानंतर खोंडं हलवता येत नाहीत. हे खोटं आहे. औषध दिलेलं जनावर कुठेही हलवता येतं. कुरणात, प्रदर्शनात, लग्नात. बंदी एकाच गोष्टीला असते. औषध अंगातून जाईपर्यंत ते कत्तलखान्यात पाठवता येत नाही.

दरवर्षी ग्रुपवर तुमची एक ओळ येते: ‘यंदाचे बाल-नंदी सुस्थळी दत्तक दिले.’ खाली पन्नास जण हात जोडतात. काका, खोंडं कुठे जातात?

मला तुमची नीती तपासायची नाही. ती तुम्ही आणि मंडळ बघा. माझ्याही लॅबचं सगळं काम मांसाच्याच जनावरांवर चालतं. पण कत्तलखान्यात प्रत्येक यकृत कापून बघतात, आणि फ्ल्यूकचं असलं की फेकून देतात. तुमची खोंडं तिथे गेली असतील, तर तुमच्या कळपाच्या पोटात काय आहे हे कुणीतरी आधीच डोळ्यांनी पाहिलं आहे. फक्त हो किंवा नाही लिहा.

वल्लरी

-

प्लेनो
७ ऑक्टोबर २०२५

वल्लरी,

आठ दिवस उत्तर दिलं नाही, कारण असल्या भाषेला उत्तर द्यायची मला सवय नाही.

पण तगर काल बसली ती उठलीच नाही. म्हणून लिहितो.

हो.

आता तू पेनसिल्व्हेनियात बसून नाकाने कांदे सोलशील. खोंडं ठेवून करायचं काय, हे तुझ्यासारख्या शहाणीने सांगावं. गाय व्याली की दर दोन वासरांमागे एक खोंड असतो. या गाई दुधाच्या नाहीत, मांसाच्या जातीच्या आहेत. खोंड काही औत ओढणार नाहीत. इथे जमिनीवर गुरांचा खरा व्यवसाय दिसला तरच ती शेतजमीन धरतात आणि कर कमी लावतात. डेल त्यांना बाजारात नेतो. पुढे कुठे जातात ते मी विचारत नाही. दत्तक म्हटलं तर कुणाचं काय बिघडतं? चाळीस कुटुंबांना वर्षातून एकदा बरं वाटतं. आणि काकूला हे माहीत नाही, माहीत व्हायचंही नाही.

तू विचारलंस ते. गेल्या वर्षी डेलने स्वतःसाठी म्हणून आमच्याकडचे दोन खोंड ठेवले होते. ते कापून घेतले तेव्हा तो मला म्हणाला, “बोथ लिव्हर्स वेअर थ्रोन आउट, बॉस. फ्ल्यूक्स. यू माइट वाँट टू लुक इन्टू दॅट.” मी म्हटलं, ओके. घरी येऊन काय सांगणार होतो? दत्तक दिलेल्या नंदीचं लिव्हर खराब निघालं, असं? मनात म्हटलं, लिव्हर तसंही कोण खातं. पुढे यमुना गेली, आणि मग तर तो विषय काढणंच अवघड झालं. तुला पहिल्या पत्रात सांगायला हवं होतं हे मला कळतं, तू सांगायची गरज नाही.

या शुक्रवारी डेलची गाडी येणार आहे. यंदाची खोंडं वसुबारसेच्या आधी गेली पाहिजेत, पाहुण्यांसमोर नको. ती गेली की दुसऱ्या दिवशी सगळ्या गाईंना औषध. आणखी तीन दिवसांचा प्रश्न आहे. तोवर तगर टिकेल ना, एवढंच सांग.

काका

-

स्टेट कॉलेज
७ ऑक्टोबर २०२५

काका,

टिकणार नाही.

बसलेली गाय तीन दिवस थांबत नाही. आता औषधाने किडे मरतील, पण यकृत परत येत नाही. गेल्या वर्षी डेलने सांगितलं त्या आठवड्यात एक इंजेक्शन दिलं असतं तर ती आज तळ्यात उभी असती आणि तुम्ही तिचे फोटो काढत असता.

तुम्ही एका लिव्हरची गोष्ट लपवायला दुसरं कुजू दिलंत. मला आता तुमचा रागही येत नाही, किळस येते. गाडी रद्द करा. आज औषध द्या. निदान बाकीच्यांना वाचवा. आणि काकूला सांगा. तिला रडायचं तर रडू दे. तिच्यात दुसरं काही करण्याची धमक नसेल, पण तगरजवळ बसायला तरी मिळेल.

वल्लरी

-

प्लेनो
१९ ऑक्टोबर २०२५

वल्लरी,

तुझ्या काकांच्या पत्त्यावरून ही काकू लिहिते आहे. त्यांना पासवर्ड कधीच लक्षात राहत नाही, तो माझ्याकडेच असतो. सगळी पत्रं मी आली तशी वाचली. आरती करणारी बाई, तबक सजवणारी बाई, पूजा करून वाट लावणारी बाई. चष्मा पुसून दोनदा वाचलं.

खोंडं कुठे जातात हे मला पहिल्या वर्षापासून माहीत आहे. गाडीवर बाजाराचं नाव केवढ्या अक्षरांत लिहिलेलं असतं. मला वाचता येतं. मी बोलले नाही, कारण मलाही त्या संध्याकाळी आवडायच्या. तू औषध द्या म्हणून लिहिलंस तेव्हाही मी यांच्या ‘वसुबारस झाली की बघू’वर विसंबले. डेलने लिव्हरबद्दल सांगितलं होतं, हे मात्र मला सात तारखेच्या पत्रापर्यंत कुणी सांगितलं नव्हतं. ते वाचलं आणि मी गाडीची किल्ली घेतली. तुझे काका म्हणाले, “अगं, कुठे? मंडळाची मीटिंग आहे.” मी म्हटलं, तुम्ही करा.

मी पोचले तेव्हा तगरने मान टाकली होती. माझा हात चाटला. जीभ गार होती. डेल म्हणाला, “मॅम, आय कॅन मेक इट क्विक फॉर हर.” मी म्हटलं, कर. डोकं माझ्या मांडीवर होतं ते मी बाजूला ठेवलं आणि उठून उभी राहिले, म्हणजे त्याला जागा मिळावी.

मग मी त्याला सांगितलं की हिला उघड.

तू समजतेस तशी मी हॉस्पिटलात काउंटरवर बसत नव्हते. वीस वर्षं पॅथॉलॉजी लॅबमध्ये होते. माणसांची यकृतं कापून काचपट्टीवर घालत होते. तू कधी विचारलं नाहीस. तीन वर्षं या देशात आहेस, एकदाही शेतावर आली नाहीस, पण फोटो पाहून सगळं ओळखतेस. तगरचं यकृत मी पुरणाच्या परातीत घेतलं, दुसरं मोठं भांडं नव्हतं. सुरी घातली तर करकरली. नळ्या चुनखडीसारख्या कडक झाल्या होत्या. दाबलं की आतून पानं बाहेर येत होती. हळदीचा लेप मी कशावर लावत होते ते तेव्हा दिसलं. मी तिथेच चिखलात बसून रडले, आणि मग उठले, कारण बाकीच्या तळ्यात उभ्या होत्या.

गाडी परत पाठवली. डेलचा लोखंडी पिंजरा आणला, त्यात गाय अडकवली की हलत नाही आणि औषध देता येतं. तुझे काका तीन वर्षं लोकांना सांगतात, आमच्याकडे पिंजरा नाही. त्याच्या अभावी इतकी वर्षं एकाही गाईला नीट औषध मिळालं नाही. सगळ्या एका दिवसात होईनात, म्हणून उरलेल्यांचं काम १७ तारखेला ठेवलं.

त्या दिवशी वसुबारस होती. चाळीस कुटुंबं आली. पैठण्या, तबकं, ढोकळ्याचे ट्रे, आणि एका बाईने नैवेद्याला गाईच्या दुधाची खीर आणली होती. वसुबारसेला गाईचं दूध वर्ज्य असतं, हे त्या गर्दीत कुणालाच आठवलं नाही, तुझ्या काकांना तर नाहीच. त्यांनी माइक घेतला आणि म्हणाले, “काही अनफॉर्च्युनेट कारणांमुळे आज पूजा थोडी डिले होईल.” मी माइक काढून घेतला. म्हटलं, पूजा नाही. ज्यांना गाईसाठी काही करायचं आहे त्यांनी चपला बदला आणि फाटकावर उभे राहा. कारण विचारलं तेव्हा सगळं सांगितलं, बाजाराच्या गाडीसकट. तीस-एक कुटुंबं ताटं झाकून गेली. जी थांबली त्यांनी पैठण्या खोचून गाई हाकल्या. प्रीता वैद्य म्हणून आहे एक, ती तर घसरून शेणातच बसली आणि हसत सुटली.

तुझे काका तळ्याभोवती खांब ठोकताहेत. स्वतः. हाताला फोड आले आहेत, ते मला दाखवतात. मी बघत नाही. एवढ्यात बघणारही नाही.

आता तुझं काम. तगरचं यकृत अर्धं मी बर्फात घालून तुझ्या लॅबला पाठवलं आहे. हे नंदिनीचं नाही, खात्री बाळग. तुझ्या त्या प्रबंधात घाल. तुम्ही लोक जनावरांना नंबर देता, तसं करू नकोस. तिला नाव आहे.

थँक्सगिव्हिंगला इकडे ये. तगरच्या वासराला बाटली द्यावी लागते आणि माझी कंबर धरते. येताना गमबूट आण. इथे एकच जोड आहे, तो माझा आहे.

सुमित्राकाकू

-

स्टेट कॉलेज
२३ ऑक्टोबर २०२५

काकू,

पार्सल पोचलं. बर्फ वितळला नव्हता. इतकं नीट बांधलेलं सँपल आमच्या लॅबमध्ये कुणाचंच येत नाही. इलाने विचारलं, “हू पॅक्ड धिस?” मी म्हटलं, माय काकू. पॅथॉलॉजिस्ट होती का, असं तिने विचारलं. मला माहीत नव्हतं, असं सांगताना मला लाज वाटली.

कापलं. माझ्या सुरीखालीही तसंच करकरलं. बाहेर येऊन व्हरांड्यात उभी राहिले. तीन वर्षांत मी शेकडो यकृतं पाहिली आहेत. ती ज्या गाईंची होती त्यांच्यातल्या एकीनेही माझ्या काकूचा हात चाटलेला नव्हता.

इथल्या कॉम्प्युटरला नंबर लागतोच, त्याशिवाय नोंद घेत नाही. तो त्याला दिला. बरणीवर मात्र मी जाड पेनने देवनागरीत ‘तगर’ लिहिलं आहे. आज दुपारी प्रोफेसरांनी विचारलं, हे काय आहे. मी म्हटलं, तिचं नाव.

२६ नोव्हेंबरला दुपारी डॅलसला उतरते. काकांना विमानतळावर पाठवू नकोस, तू ये. बाटली किती वाजता द्यायची असते?

वल्लरी